शोभाच्या दाताचं खापर

बुऱ्हाणपूर, २० नोव्हेंबर १९३८

गजानन,

'अनेक आशीर्वाद' लिहायला घेतलं होतं, पण हात चालला नाही. धाकटा भाऊ म्हणून जन्मभर पुरतील इतके आशीर्वाद तुला आधीच दिले आहेत. सध्या त्यांतलेच वापर.

तुझं उत्तर परवा आलं. मी तुला काय विचारलं होतं? शोभाचा वरचा पुढचा डावा दात पावसाळ्यापासून पिवळा पडत चालला आहे. दुखत नाही, हलत नाही, पण शेजारचे पांढरे आणि हा हळकुंडासारखा. हे काय असावं? एवढंच विचारलं होतं. तू कलकत्त्याला शिकून आलेला, गिरगावात पाटी लावून बसलेला दातांचा डॉक्टर. आणि लिहितोस काय, तर 'बुऱ्हाणपूरचं पाणी जड आहे, त्याने असं होतं.'

पाणी जड आहे हे तू मला शिकवतोस? गावाला पाणी पुरवणाऱ्या जुन्या भंडाऱ्याच्या पाण्याचा पांढरा थर हंड्याच्या पोटात धरतो, तो विटेच्या तुकड्याने खरवडण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. तूही तेच पाणी पिऊन मोठा झालास आणि तुझी बत्तिशी अजून पांढरीशुभ्र आहे. ह्यांचे दात पानाने लाल झालेत, पण पिवळे नाहीत. आमचा सारा लोधीपुरा मोहल्ला तेच पाणी पितो. मग या पाण्याने शोभाच्या तोंडात शिरून बरोबर तोच एक दात कसा शोधून काढला, ज्याला तू सगळ्यांत जास्त ओढलंस?

तू विसरला असशील तर आठवण देते. गेल्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीला तू आलास. भाऊबीजेला ओवाळून घेतलंस आणि शोभाची हनुवटी धरून दिव्याच्या उजेडात तिचे दात पाहत बसलास. 'जिजी, या दातांवर हिला पसंत कोण करणार?' असं तिच्या तोंडावर म्हणालास. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. पुढचे दोन दात जरा बाहेर होते, आपल्या आईचे होते तसेच. आईला काय कुणी टाकून दिलं होतं? मी म्हटलं, राहू दे रे, वयाबरोबर ओठ झाकतो. पण ह्यांच्या डोळ्यांवर तुझ्या डॉक्टरकीची झापड. मामा म्हणतो ते खरं, असं ठरलं. ज्या कामाला दोन वर्षं लागतात, ते ज्यांच्या मुलाशी शोभाचं जमवत होतो त्या अनंतरावांच्या घरचे चैत्रात पाहायला येतील त्याआधी करून दाखवतो, अशी फुशारकी तू याच ओसरीवर मारलीस.

आणि केलंस. दाढांना कड्या बसवल्यास, पुढून तारेची कमान घातलीस, प्रत्येक दात बारीक तारेने त्या कमानीला बांधलास. तुझ्या डब्यातली तार संपली तेव्हा आपल्या कडू सोनाराकडून सोन्याची तार ओढून घेतलीस, आणि 'अशी तार मुंबईत मिळत नाही' म्हणून त्याची पाठ थोपटलीस. मग स्वतः मुंबईला गेलास आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकत राहिलास. दर आठवड्याला तुझं कार्ड यायचं, हे कडूला वाचून दाखवायचे, कडू चिमटा घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसायचा आणि शोभाच्या तारेला पीळ द्यायचा. पोरीने महिनोन्महिने पेजेवर दिवस काढले.

दात आत गेले, हे मी नाकारत नाही. अनंतरावांनी पसंती दिली. त्यांच्या मुलाची वकिलीची परीक्षा झाली की लग्न, असं ठरलं आहे, आणि परीक्षा येत्या उन्हाळ्यात आहे. आता तो दात दिवसागणिक गडद होतो आहे आणि शोभा हसताना ओठ मिटून घेते. अनंतरावांना कुणी काही सांगायच्या आत मला खरं काय ते कळलं पाहिजे. पाण्याची गोष्ट मला पुन्हा सांगू नकोस. गाडीत बस आणि ये.

तुझी जिजी


बुऱ्हाणपूर, ८ जानेवारी १९३९

गजानन,

तू आला नाहीस. 'दवाखान्यात गर्दी आहे' असं लिहिलंस. बरं.

तू येत नाहीस म्हणून मी शोभाला घेऊन इंदूरला गेले. हे नको म्हणत होते, घरचा डॉक्टर असताना परक्याकडे कशाला म्हणून. मी म्हटलं, घरचा डॉक्टर घरात असता तर गेले नसते. तिथल्या मोठ्या दवाखान्यात एक्स-रेचं यंत्र आहे. दातांचे डॉक्टर वयस्कर, आपल्यातलेच, मराठी बोलणारे. त्यांनी शोभाच्या तोंडात बोटाएवढा कागद धरून फोटो काढला आणि तो खिडकीशी उजेडात धरून मला जवळ बोलावलं.

'हे पाहा बाई,' म्हणाले, 'या प्रत्येक दाताच्या मधोमध काळी रेघ दिसते ना, ती आतल्या नसेची पोकळी. आता हा दात पाहा.' त्या दातात रेघच नव्हती. वरपासून खालपर्यंत नुसता पांढरा. नसेची जागा आतून बुजून गेली आहे, चुन्याने भरावी तशी.

मी विचारलं, पाण्याने होतं का असं? ते हसले. 'पाण्याने झालं असतं तर सगळ्यांना झालं असतं. हिच्या दाताला कधी मार लागला होता? किंवा तार वगैरे बांधली होती?' शोभाने माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. तुझं नाव तेवढं गाळलं. का गाळलं, ते मलाच माहीत नाही. किती दिवसांत दात आत घेतले ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, दात हळूहळू सरकवावा लागतो, मधे विसावा द्यावा लागतो. जोर सोसला नाही की दात कधीकधी असा आतून स्वतःला बुजवून घेतो. मग म्हणाले, 'पण घाबरू नका. दात कुजलेला नाही, काही धोका नाही. रंग तेवढा असा राहील. याला काढू नका, पोखरू नका. जन्मभर टिकेल.'

गाडीत शोभा एकच वाक्य बोलली, 'म्हणजे आई, रोग नाही ना मला?' मी नाही म्हटलं तर तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि खांडव्यापर्यंत झोपली.

घरी येऊन याचा सारांश तुला कार्डावर कळवला. मला वाटलं, आता तरी वरमशील. तर तुझं दुसरं उत्तर! आता पाणी गेलं आणि कडू आला. 'सोनाराने वाजवीपेक्षा जास्त पीळ दिला असावा, अडाणी माणसाच्या हाती काम गेलं की असं होतं.' वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. काम त्याच्या हाती आपण होऊन गेलं होतं का? तू दिलंस!

मी कडूकडे गेले. भांडायला नाही, विचारायला. तो भट्टीपुढे बसला होता. माझं ऐकून फुंकणी खाली ठेवली आणि रडकुंडीला आला. म्हणाला, 'बाई, म्या काय करू? कार्ड यायचं, मालक वाचायचे, पीळ दे म्हनून. म्या द्यायचो. एकडाव पोरगी लई रडली तं म्या म्हटलं, या हप्त्याला राहू द्या. तं मामासाहेबाचं कार्ड आलं, थांबू नको, चैत जवळ आला. आता तेच माह्या नावानं बोलता का?' त्याच्या बायकोने मला पाणी दिलं, पण माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही.

गजानन, एका दातापायी तू किती जणांच्या डोक्यावर खापर फोडणार आहेस? मला तुझ्याकडून बाकी काही नको. दात तुला परत पांढरा करता येणार नाही, हे कळलं. तू फक्त अनंतरावांकडे जा आणि सांग की हा रोग नव्हे, तारेची घाई झाली, त्याने झालं. तू डॉक्टर, तुझा शब्द ते मानतील. माझा कोण मानणार? मी आई, मी तर झाकणारच, असंच म्हणतील.

जिजी


बुऱ्हाणपूर, २७ फेब्रुवारी १९३९

गजानन,

तू बुऱ्हाणपुरात येऊन गेलास आणि मला चार दिवसांनी, तेही भाजीवालीकडून कळलं. स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत उतरलास. माझ्या घरचा उंबरा तुला उंच झाला.

अनंतरावांकडे जा, असं मी म्हटलं होतं. गेलास खरा. पण तिथे काय बोललास! त्यांच्या घरचा चहा घेतलास, बशी खाली ठेवलीस आणि म्हणालास की आमच्या घराण्यात ही प्रकृतीच आहे, आमच्या आईला मुतखडा होता, शरीरात कुठे ना कुठे खडा धरतो, तोच भाचीच्या दातात धरला, त्याला इलाज नाही. अरे, आपली आई! तिला शेवटी मुतखड्याने किती त्रास दिला हे तू उशाशी बसून पाहिलं आहेस. त्या दुखण्याचा तू असा उपयोग केलास! ती जाऊन नऊ वर्षं झाली, तिला येऊन उत्तर देता येत नाही, म्हणून तिच्यावर ढकललंस?

काल अनंतराव घरी आले. सोबत त्यांची बहीण मालूबाई. मी आत पोहे करत होते, शोभा माझ्याजवळ कोथिंबीर निवडत होती, आणि मधे नुसता पडदा. ह्यांनी बसा म्हटलं. अनंतराव बसले नाहीत. म्हणाले, 'बात अशी आहे शालिग्रामराव, मन मोठं करून ऐका. पोरगी लाख आहे. पण डॉक्टरच, आणि तेही मुलीचा सगा मामा, म्हणतो की अंगात दगड धरणारं घराणं आहे, तर उद्या लेकराबाळांचं काय?' आणि मालूबाई मधेच, 'आज दातात धरला, उद्या पोटात धरीन. आमचा एकच तर पोरगा.'

हे इंदूरच्या डॉक्टरांचं सांगायला लागले. अनंतराव म्हणाले, 'ते परके. मामा कशाला झूठ बोलेल?'

मामा कशाला खोटं बोलेल? तूच सांग. गिरगावातल्या तुझ्या पाटीखाली कुणी म्हणेल की याने स्वतःच्या भाचीचा दात बिघडवला, याची तुला इतकी भीती वाटली? त्या भीतीपायी तू एका मुलीला रोगी घराण्याच्या संशयात उभं केलंस. आता ही गोष्ट अनंतरावांपाशीच राहणार नाही. इथून जळगावपर्यंत जिथे स्थळ बघू तिथे आमच्या आधी पोचेल.

त्यांनी नकार दिला नाही, 'विचार करू' म्हणाले. पोह्यांना हात लावला नाही.

ते गेल्यावर शोभाने निवडलेली कोथिंबीर परत निवडायला घेतली. मी म्हटलं रडून घे. रडली नाही. आता ती तोंडाशी पदर धरून बोलते आणि जेवायला सगळ्यांचं झाल्यावर एकटी बसते. आणि वर तुझं हे आजचं पत्र, की तिला मुंबईला धाडा, तो दात उपटतो आणि चिनीमातीचा पांढरा बसवतो, म्हणजे प्रश्न मिटला! इंदूरचे डॉक्टर म्हणतात जन्मभर टिकेल, आणि तू धडधाकट दात उपटायला निघालास. दात गेला म्हणजे पुरावा गेला, होय ना? मी ते पत्र शोभाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'बस झालं आई. मामाच्या हातात मी आता नखसुद्धा नाही देणार.'

मीही देणार नाही.

जिजी


बुऱ्हाणपूर, ३० एप्रिल १९३९

गजानन,

रजनी आणि उषा सुटीसाठी इथे सुखरूप पोचल्या. हे पत्र त्यासाठी नाही.

रजनी येणार म्हटल्यावर मला वाटलं होतं, नवऱ्याची बाजू घेऊन येत असेल. मी स्टेशनवर गेलेही नाही, ह्यांना पाठवलं. ती बिचारी दारात वाकून नमस्कार करत होती आणि मी तोंड वळवून उभी. या प्रकरणातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं, हे मला नंतर कळलं. तिला तू सांगितलं होतंस की शोभा पडली आणि तिचा दात दुखावला.

परवा दुपारची गोष्ट. मी केळी सोलून ताटात ठेवली, उषा माझ्यासमोर बसली. पोर खायला तोंड उघडते तर तोंडात तार. तीच कमान, त्याच कड्या. मी म्हटलं, 'उषा, दुखतं का गं खूप?'

ती म्हणाली, 'नाही आत्या. बाबा अगदी हळू करतात. दीड महिन्याने एकदा थोडंसं घट्ट करतात, मग मधे नुसतं ठेवतात. दोन वर्षं लागतील म्हणाले. मी म्हटलं लवकर करा ना, मला शाळेत चिडवतात, तर म्हणाले, घाई केली की दात आतून बुजतो आणि पिवळा पडतो, आपल्या शोभाताईचा पडला तसा.'

शोभा तिथेच होती. रजनी चुलीपाशी होती. ती चूल सोडून जवळ आली. उषाला वाटलं आपलं काही चुकलं, ती केळं हातात धरून एकेकीच्या तोंडाकडे पाहायला लागली. शेवटी शोभानेच तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, 'खरं सांगितलं बाबांनी. घाई नको करू.'

इतके दिवस मी मनाची समजूत घालत होते की तुला कळलं नसेल. विद्या नवी आहे, चुकली असेल. चूक मी पोटात घातली असती, गजानन. लहानपणी तुझ्या किती चुका घातल्या, त्यांचा मी कधी हिशोब ठेवला नाही. पण तुला सगळं कळलं होतं! स्वतःच्या मुलीला मांडीवर बसवून खरं सांगतोस आणि माझ्या मुलीच्या होणाऱ्या सासरी जाऊन मेलेल्या आईचा मुतखडा सांगतोस! उषाचे दात तू जपतोस याचा मला राग नाही. जप. चांगली पोर आहे. राग याचा की जपायचं कसं हे तुला येत होतं, आणि माझ्या पोरीच्या वेळी तुला अनंतरावांपुढे मिरवायचं होतं.

रजनीने त्या दिवशी जेवण केलं नाही. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली आणि विचारलं, 'जिजी, अनंतरावांकडे हे नक्की काय बोलले?' मी अक्षरन् अक्षर सांगितलं. ऐकून तिने विचारलं, त्यांचं घर कुठे आहे.

जिजी


बुऱ्हाणपूर, १४ मे १९३९

गजानन,

रजनीला परत धाडा म्हणून तुझी तार आली. ती इथेच आहे आणि लग्न आटोपल्याशिवाय येणार नाही. हो, लग्न. शोभाचं. पुढच्या महिन्यात.

तुला कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे, म्हणून लिहिते. रजनी उषाला घेऊन अनंतरावांकडे गेली. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाली. परक्या गावात, परक्या घरी, बायामाणसांत न बसता ती सरळ बैठकीत गेली आणि उभ्यानेच बोलली. मालूबाईंनीच मला नंतर सांगितलं, कारण रजनी स्वतःहून काही सांगत नाही. तिथे रजनी म्हणाली, 'मी डॉक्टरांची बायको. आमच्या सासूबाईंच्या मुतखड्याचा आणि शोभाच्या दाताचा काही संबंध नाही. माझ्या नवऱ्याने घाईने तार ओढली, त्याने तो दात पिवळा झाला. ते हे घरी कबूल करतात, तुमच्यापुढे करत नाहीत. म्हणून मी आले.' अनंतराव म्हणाले, 'पण बाई, तुमच्याच मालकाच्या विरुद्ध?' तर म्हणाली, 'मुलगी माझ्याही घरात आहे.'

बस. एवढंच बोलली आणि उषाचं बोट धरून उन्हातून चालत परत आली. तुझ्या घरी परत गेल्यावर तिच्यापुढे काय वाढून ठेवलं आहे, ते तिला माहीत आहे. मलाही माहीत आहे. आणि नीट ऐक, तिला तू एका शब्दाने दुखावलंस तर मी गिरगावात येईन आणि तुझ्या पाटीखाली उभी राहून हे सगळं मोठ्याने सांगेन. मला तू ओळखतोस.

दुसऱ्या दिवशी अनंतराव आले, या वेळी मुलाला घेऊन. खाली मान घालून ह्यांना म्हणाले, 'माफी करा, आम्ही बहकलो.' हे लगेच विरघळले. मी विरघळले नाही, पण चहा ठेवला. तेवढ्यात शोभा बाहेर गेली. मी थांबवणार होते, रजनीने माझा हात धरला. शोभाने तोंडावरचा पदर काढला, अनंतरावांसमोर उभी राहिली आणि दात दिसतील अशी हसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाली, 'काका, आत्ताच नीट बघून घ्या. हा असाच राहणार आहे. मागून कुणी दगड म्हणायचं नाही.' मुलगाच म्हणाला, 'मी बघितला. आता चहा येऊ द्या.'

आता राहिला तुझा विषय.

मांडवात नवरीला बोहल्यावर आणायची ती मामाने. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे, आणि तू कसाही असलास तरी शोभाला मामा तू एकच. ह्यांचं म्हणणं पडलं की झालं गेलं विसरून गजाननला बोलवा, नाहीतर चारचौघांत हसं होतं. मी शोभाला विचारलं. ती पापड लाटत होती. लाटणं थांबवलं नाही. म्हणाली, 'मामी आणील मला.'

हे म्हणाले, अगं असं कुठे झालंय, मामी कशी आणणार, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, 'लोकांना सांगा, तिथे जाऊन जो बोलला तो आणणार. मामा बोलले असते तर मामांनी आणलं असतं.'

मी रजनीकडे पाहिलं. तिने पिठाचे हात पुसले आणि हो म्हणाली.

तेव्हा तू ये. मुलीच्या आईचा भाऊ आहेस, तुला नको म्हणायला माझी जीभ रेटत नाही. गावातल्या इतर पाहुण्यांसारखा ये, अक्षता टाक, पंगतीत बस, पोटभर जेव. पण अंतरपाटापाशी येऊ नकोस. शोभाचा हात रजनीच्या हातात असेल.

शोभाची आई